चिकन येतं तर उपाशी राहणार नाहीस

तू विचारलंस की पुढच्या महिन्यात परदेशी निघतोय, स्वयंपाक शून्य, चिकन तेवढं आवडतं, तर तिकडे एकट्याने सोप्यात सोपं काय काय करता येईल. नऊ वर्षं झाली मला बाहेर येऊन आणि मीही असाच आलो होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, बोनलेस ब्रेस्टच्या मागे लागू नकोस. सगळे नवखे तेच उचलतात, दोन मिनिटं जास्त झाली की ते रबर होतं, मग आपल्याला जमत नाही असं वाटून पुन्हा फ्रोझन पिझ्झा. त्यापेक्षा थाय, म्हणजे मांडीचा तुकडा घे, हाडासकट आणि स्किनसकट. चरबी जास्त असते त्यामुळे जरा जास्त शिजलं तरी मऊच राहतं आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडतं.

आता हे थाय कसं करायचं ते नीट वाच, कारण माझे निम्मे आठवडे यावरच निघालेत. पीस टिश्यूने अगदी कोरडे पुसायचे, मीठ-मिरपूड लावायची, आणि थंड पॅनमध्ये, हो थंडच, तेल न घालता स्किन खाली करून ठेवायचे. मग गॅस मध्यम. पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. सुरुवातीला स्किन चिकटते, मग स्वतःच्याच चरबीत तळून निघते आणि कुरकुरीत झाली की आपणहून सुटते, ओढायची गरजच पडत नाही. उलटून अजून दहाएक मिनिटं. खाली जी चरबी सुटते ना, तिच्यात बटाटे परतून घे, वेगळी भाजी लागत नाही.

तिकडे इलेक्ट्रिक शेगडी असेल तर लक्षात ठेव, ती तापायला वेळ घेते आणि बंद केली तरी बराच वेळ गरम राहते. आणि चिमणी आधी लाव!! मी पहिल्याच आठवड्यात पॅन धूर येईस्तोवर तापवला, स्मोक अलार्म वाजला, रात्री साडेदहाला अख्खी बिल्डिंग खाली उभी आणि मी हातात झारा घेऊन सॉरी सॉरी करतोय.

ब्रेस्ट घ्यायचंच असेल तर पातळ काप कर, त्यांना थोडं कॉर्नफ्लोअर, सोया सॉस आणि चमचाभर तेल चोळून पंधरा मिनिटं ठेव, मग मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटांत परतून काढ. ओलावा आतच राहतो. भाज्या आधी परतून बाजूला काढायच्या, एकदम सगळं कोंबलं की पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी उकडलं जातं.

दह्यात आलं-लसूण-तिखट-मीठ घालून रात्रभर ठेवलेलं ओव्हनमध्ये टाकलं तरी मस्त होतं. लिंबू मात्र अर्ध्या तासाच्या वर नको, वरचा थर पिठूळ होतो.

रविवारी अख्खी कोंबडी आण. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडीच ठेव, स्किन कोरडी होते. दीड किलोची असेल तर २०० डिग्री सेल्सिअसला साधारण सव्वा ते दीड तास. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं तशीच राहू दे, लगेच कापलीस तर सगळा रस पाटावर. त्या दिवशी तंगड्या, सोमवारी उरलेलं सोलून सॅंडविच किंवा भातात, आणि सांगाडा कांदा-गाजर घालून दोन तास मंद उकळला की सूपचं पाणी तयार. एका कोंबडीत बुधवारपर्यंत निघतं.

शिजलंय की नाही यासाठी रंगावर जाऊ नकोस, हाडाजवळ गुलाबी दिसलं तरी शिजलेलं असू शकतं. छोटा थर्मामीटर घे, जाड भागात हाडाला न टेकवता खुपसायचा, ७४ डिग्री सेल्सिअस आले की झालं. थाय ८० च्या पुढे गेलं तर उलट जास्त छान लागतं.

कच्चं चिकन नळाखाली धुऊ नकोस, शिंतोडे सगळ्या सिंकभर उडतात आणि जंतू पसरतात, शिजवताना ते मरतातच. फ्रिजमध्ये कच्चं एक-दोन दिवसच, नाहीतर एकेका वेळचे भाग करून फ्रीझरला, आणि बर्फ सुटायला ओट्यावर नाही, रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवायचं.

हो, आणि एक दणकट किचन कात्री घे, चिकन कापायला सुरीपेक्षा बरी पडते. घरूनच नेणार असशील तर चेक-इन बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत नको.