अमेरिकेत फिरायला गेल्यावर रेस्टॉरंटमध्ये टिप द्यावीच लागते का? किती द्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: आईवडील आणि मुलांना घेऊन सहा जण न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन आणि मग लास वेगास, लॉस एंजेलिस असं फिरणार आहात. जेवणावर वीस टक्के टिप द्यावी लागते असं ऐकलंय. ती सक्तीची आहे का, आणि वडील म्हणतात तसं ‘बिल भरलं की आपलं काम संपलं’ हे चालेल का?

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो आणि दर उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे येतात, त्यामुळे हा प्रश्न घरात नेहमी निघतो. थोडक्यात सांगायचं तर, टेबलापाशी येऊन ऑर्डर घेणारा आणि वाढणारा वेटर असेल तर अठरा ते वीस टक्के द्या आणि ते पैसे जेवणाच्या किमतीतच धरून चाला. काउंटरवर उभं राहून कॉफी किंवा सँडविच घेतलंत तर काहीच दिलं नाही तरी चालतं. या दोन्हींची गल्लत झाली की एक तर वेटरवर अन्याय होतो, नाहीतर तुमच्या खिशाला उगाच चाट बसते.

सक्ती कायद्याने नाही. टिप दिली नाही म्हणून कुणी पोलीस बोलावत नाही. पण वडिलांना पटवायचं असेल तर त्यांना वेटरचा पगार सांगा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार, टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर दिले की पुरे. हा आकडा १९९१पासून बदललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, आणि मधली तूट गिऱ्हाईक टिपमधून भरून काढेल असं कायद्यानेच गृहीत धरलंय. टिपा कमी पडल्या तर फरक मालकाने भरायचा असतो, पण तोही फक्त ७.२५ पर्यंतच, आणि हिशोब आठवड्याचा धरतात. म्हणजे शुक्रवार-शनिवारची चांगली कमाई मंगळवारच्या रिकाम्या दुपारचा खड्डा भरते आणि मालकाला काहीच द्यावं लागत नाही.

राज्याराज्यांत आकडे वेगळे आहेत. तुमच्या वाटेवरच्या पेनसिल्व्हेनियात, म्हणजे फिलाडेल्फियात, तो २.८३ डॉलर आहे. न्यूयॉर्क शहरात २०२५मध्ये किमान वेतन साडेसोळा डॉलर होतं, पण वेटरला मालकाकडून ११ डॉलर दिले तरी ते कायद्यात बसत होतं. कॅलिफोर्निया आणि नेवाडात मात्र वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. मग लॉस एंजेलिस आणि लास वेगासमध्ये टिप कमी दिली तर चालेल का? नाही. रिवाज सगळीकडे सारखाच आहे, आणि लॉस एंजेलिसची घरभाडी पाहिलीत तर त्या किमान वेतनात कुणाचं भागत नाही हे लगेच कळेल.

हा प्रकार आला कुठून, असं वडील विचारतील. टिपची सवय युरोप फिरून आलेल्या श्रीमंत अमेरिकनांनी आणली, पण ती मुरली यादवी युद्धानंतर. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनडब्यांत हमाल-सेवक म्हणून घेतलं, पगार तुटपुंजा ठेवला आणि उरलेलं प्रवाशांवर सोपवलं. लोकांना हे खटकतही होतं; वॉशिंग्टन राज्याने (तुम्ही जाताय ते राजधानीचं शहर वेगळं) १९०९मध्ये टिपवर बंदी घातली होती, पण ती १९१३मध्ये उठली. १९३८चा किमान वेतनाचा कायदा आला तेव्हा रेस्टॉरंटचे कामगार त्याच्या बाहेरच राहिले. १९६६मध्ये त्यांना आत घेतलं, पण टिपा पगारात धरायची मुभा मालकांना देऊन. मला ही व्यवस्था मुळीच मान्य नाही. पगार मालकाने द्यावा आणि किंमत मेन्यूवर स्पष्ट लिहावी. न्यूयॉर्कचे नामवंत रेस्टॉरंट-मालक डॅनी मेयर यांनी २०१५मध्ये तसं करायला घेतलं, टिप बंद केली आणि किमती वाढवल्या. २०२०मध्ये टिप परत आली. एवढ्या मोठ्या माणसाला जे जमलं नाही ते आपण एका टेबलावर टिप नाकारल्याने होणार नाही. त्याची झळ फक्त समोरच्या पोराला किंवा पोरीला लागते.

आणि ती कशी लागते ते जवळून सांगतो, कारण हे बहुतेक पाहुण्यांना माहीतच नसतं. आमच्या शेजाऱ्यांची मुलगी कॉलेजात असताना एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये काम करायची. रात्री घरी आली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर नोटा आणि एक पावती पसरून बसायची. पावतीवर तिच्या टेबलांची एकूण विक्री, मिळालेल्या टिपा आणि खाली वजावट. वजावट म्हणजे टेबलं पुसणारा, ताटं उचलून नेणारा, बारवर पेयं बनवणारा, दारात बसायची जागा देणारी, या सगळ्यांचा वाटा. तिच्या रेस्टॉरंटात तो टिपवर नव्हे, विक्रीवर कापायचे, चार टक्के. म्हणजे ८० डॉलरचं जेवून कुणी काहीच न ठेवता उठून गेलं, तर त्या टेबलाचे ३ डॉलर २० सेंट तिच्या दुसऱ्या टिपांतून जायचे. तिने तासभर वाढलं आणि वर पदरचे पैसे घातले. सगळीकडे हाच हिशोब असतो असं नाही, पण वाटा देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे.

आता तुमच्या बिलाचा हिशोब. मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. समजा न्यूयॉर्कमध्ये खाण्याचे ८० डॉलर झाले. तिथला विक्रीकर ८.८७५ टक्के, म्हणजे ७ डॉलर १० सेंट. बिल आलं ८७.१०. टिप कराच्या आधीच्या ८० वर काढायची; वीस टक्क्यांनी १६ डॉलर. एकूण १०३.१०. म्हणून मेन्यू बघतानाच प्रत्येक आकड्यात मनातल्या मनात तीस टक्के मिळवा. मग शेवटी धक्का बसणार नाही. १६ डॉलर म्हणजे हजाराहून जास्त रुपये, एवढ्यात पुण्यात चौघं जेवतात, असं बाबा म्हणणारच. खरं आहे. पण परवडत नसेल तर त्या दिवशी टेबलावरचं रेस्टॉरंट टाळा आणि काउंटरवरून घेऊन बागेत बसून खा. जेवायचं टेबलावर आणि बचत करायची वेटरच्या पैशांत, हे मला पटत नाही.

आपल्याकडून वेटरला जास्त काम पडतं, हेही लक्षात घ्या. आपले शाकाहारी लोक दहा गोष्टी विचारतात, आणि विचारायलाच हव्यात. मेक्सिकन जेवणातल्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासा असतो, फ्रेंच कांद्याच्या सूपचा रस्सा सहसा गोमांसाचा. वेटर प्रत्येक वेळी आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून येतो, वर ‘बर्फ नको, साधं पाणी’, ‘एक रिकामी प्लेट द्या’, ‘थोडं तिखट आहे का’ हेही असतं. तो हे सगळं हसतमुखाने करत असेल तर वीसच्या खाली जाऊ नका. सेवा खरंच वाईट असेल, तर मॅनेजरला बोलावून शांतपणे सांगा आणि टिप दहा-बारा टक्क्यांवर आणा. मात्र स्वयंपाकघरातून उशीर झाला तर तो वेटरचा दोष नसतो.

तुम्ही सहा जण आहात, म्हणून सगळ्यांत महत्त्वाचं: बिल नीट वाचा. सहा किंवा जास्त माणसं असली की बरीच रेस्टॉरंटं अठरा-वीस टक्के आपणच लावतात. बिलावर ‘ग्रॅच्युइटी’ किंवा ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ येते, आणि मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात तशी सूचना असते. पर्यटकांच्या गर्दीच्या ठिकाणी, मायामी बीचवर तर फार, दोघंच असलात तरी लावतात. ती रक्कम आधीच धरलेली असूनही खाली टिपची ओळ पुन्हा रिकामी ठेवतात, हे मला सरळसरळ चुकीचं वाटतं. आमच्या एका मावशी न्यूयॉर्कमध्ये अशीच दुसऱ्यांदा टिप लिहायला निघाल्या होत्या; मुलाने पेन धरलं म्हणून वाचल्या. तिथे शून्य लिहायचं किंवा आडवी रेघ मारायची. लॉस एंजेलिसमध्ये दोन-चार टक्क्यांचा वेगळा अधिभारही दिसेल, कामगारांच्या आरोग्यविम्यासाठी वगैरे. ती टिप नव्हे. नको असेल तर काढता का असं विचारायला हरकत नाही. बरेच जण काढतात.

पैसे देण्याची पद्धत अशी. बिल छोट्या फोल्डरमध्ये येतं, तुम्ही कार्ड ठेवायचं, वेटर ते घेऊन जातो आणि दोन पावत्या आणतो. एकीवर टिप आणि एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहून सही करायची आणि ती टेबलावर ठेवायची, दुसरी आपल्याकडे. कार्ड नजरेआड गेलं म्हणून घाबरू नका, तीच तिथली रीत आहे. आता अनेक ठिकाणी यंत्र टेबलापाशीही आणतात. रोख देत असाल तर एक गोष्ट सांभाळा: ‘चेंज हवेत का?’ याला ‘नको’ म्हटलंत, तर उरलेले सगळे पैसे टिप समजले जातात.

काउंटरवर मात्र निर्धास्त राहा. कॅशियर टॅबलेट तुमच्याकडे वळवतो, त्यावर १८, २०, २५ टक्के अशी मोठी बटणं असतात आणि मागे रांग उभी असते. ‘नो टिप’चं बटण कोपऱ्यात असतं, ते न लाजता दाबा. पाण्याची बाटली विकत घेतली, आइस्क्रीमचा कोन हातात दिला, यात टिप देण्यासारखं काही नाही. कुणी मन लावून काही करून दिलं तर डॉलर-दोन डॉलर ठेवा. मॅकडोनाल्ड्ससारख्या ठिकाणी काहीच नाही.

न्यू जर्सीत, एडिसनच्या ओक ट्री रोडवर किंवा जर्सी सिटीत, देशी जेवायला गेलात तर ‘आपलेच लोक आहेत’ म्हणून सूट घेऊ नका. तिथे वाढणाऱ्या मुलांचा पगारही असाच टिपांवर टेकलेला असतो. बुफे असेल तर दहा ते पंधरा टक्के, कारण ताटं उचलणं, पाणी आणि गरम नान आणणं चालूच असतं. डोसा काउंटरवर टोकन घेऊन घेतलात तर नाही दिली तरी चालेल.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. टॅक्सीला पंधरा ते वीस टक्के. हॉटेलात सामान वर नेणाऱ्याला प्रत्येक बॅगेमागे एक-दोन डॉलर. खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रात्रीमागे तीन ते पाच डॉलर, रोजच्या रोज, कारण उद्या दुसरीच कुणी येऊ शकते. उशीवर नुसत्या नोटा ठेवू नका, ‘थँक यू’ लिहिलेल्या कागदाखाली ठेवा, म्हणजे त्या आपल्यासाठीच आहेत हे त्यांना कळतं. यासाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटांचा गठ्ठा पहिल्याच दिवशी सुट्टा करून घ्या. विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी आणि इतर सरकारी माणसं यांना काही देऊ नका. एखाद्या भागात ग्रुप टूर घेतली असेल तर गाइड आणि ड्रायव्हरची रोजची टिप शुल्कात धरली आहे का, हे निघण्याआधीच लेखी विचारून घ्या.

शेवटचं कार्डाबद्दल. आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी वापर सहसा बंद असतो. ॲपमधून तो चालू करा आणि मर्यादा थोडी वाढवून ठेवा. रेस्टॉरंटमधून उठताना मोबाइलवर ८७.१० चा मेसेज येईल आणि दोन-तीन दिवसांनी तीच रक्कम १०३.१० दिसेल. ती फसवणूक नव्हे, टिप नंतर मिळवली जाते. तुमच्याकडची पावती तोवर जपून ठेवा, आणि आकडा तुम्ही लिहिल्यापेक्षा वेगळा दिसला तरच बँकेला फोन करा.