पुणे, नाशिक की कोल्हापूर?

प्रश्न : आम्ही गेली चौतीस वर्षे डोंबिवलीत राहत आहोत. माझे वय ६३, यजमानांचे ६८. मी शाळेतून आणि ते बँकेतून निवृत्त झाले. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही आणि माझे दोन्ही गुडघे दुखतात. यजमानांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. आता सोसायटीचा पुनर्विकास ठरला असून दिवाळीनंतर घरे रिकामी करायची आहेत. विकासक तीन वर्षांचे भाडे देणार आहे. या निमित्ताने डोंबिवली कायमचीच सोडावी, घराचा हक्क विकून टाकावा आणि एखाद्या शांत शहरात राहावे, असे घरात चालले आहे. यजमान मूळचे कागल तालुक्यातले, त्यांचे दोघे भाऊ कोल्हापुरात असल्यामुळे त्यांचा ओढा तिकडे आहे; त्यांच्या शाळासोबत्यांचा कट्टाही तिथे रोज भरतो. मुलगी वाघोलीला राहते, ती म्हणते पुण्यालाच या. माझी धाकटी बहीण नाशिकला असते. कॅनडातल्या मुलाने राहण्यायोग्य शहरांची सरकारी यादी पाठवली आहे, तीत पुणे पहिले आहे. वाचनालय, अधूनमधून एखादे नाटक आणि जवळ चांगले रुग्णालय एवढीच आमची गरज आहे. राहायला सर्वांत चांगले शहर कोणते, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : चिरंजीवांनी पाठवलेली यादी खरी आहे, पण ती २०१८ सालची आहे. त्या वर्षी केंद्र सरकारने १११ शहरांचा जीवन सुलभता निर्देशांक जाहीर केला होता आणि त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी व बृहन्मुंबई तिसरी होती. त्यानंतरची यादी मार्च २०२१ मध्ये आली. तेव्हा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत बंगळूरूने पहिला क्रमांक घेतला आणि पुणे दुसरे आले. या याद्यांना काही अर्थ नाही असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्यामुळे महापालिकांना आपल्या कारभाराचा हिशेब मांडावा लागतो. मात्र त्यांत अख्ख्या शहराला मिळून एकच गुण दिलेला असतो आणि घर घेणाऱ्या माणसाला त्या गुणांवरून आपल्या नळाला पाणी येईल की नाही एवढेही समजत नाही.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. पुणे त्या यादीत पहिले आले त्याच वर्षी मी दादरचे बिऱ्हाड हलवून पुण्याच्या एका उपनगरात राहत होते. घर डिसेंबरमध्ये पाहिले होते. गुलाबी थंडी, गच्चीतून दिसणारी टेकडी, नळाला भरपूर पाणी. घर पसंत करायला आम्हाला अर्धा तासही लागला नाही. एप्रिल उजाडला आणि पहाटे पाच वाजता टँकर मागे घेतानाचा भोंगा ऐकू येऊ लागला. रखवालदार टाकीचे झाकण उघडून पाइप आत सोडायचा, कोणीतरी सदस्य खाली उभा राहून टँकर पूर्ण रिकामा झाला का ते पाहायचा आणि त्याची सही घेतल्याशिवाय चालक हलायचा नाही. माझी पाळी मंगळवारची आणि शुक्रवारची होती. त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या मासिक वर्गणीपेक्षा टँकरची वर्गणी जास्त झाली. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणे पाठीशी असलेल्या शहरात हे घडत होते; धरणांत पाणी असणे आणि ते आपल्या इमारतीपर्यंत जलवाहिनीने पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळले. तेव्हापासून कोणी घर पाहायला निघाले की मी त्यांना एप्रिल किंवा मे महिन्यात जायला सांगते, आणि शक्य झाले तर जुलैत पुन्हा एकदा.

म्हणून आपल्या मुलीच्या आग्रहाबद्दल स्पष्ट लिहिते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेतली गेली, त्या २३ गावांत वाघोली आहे. हद्द एका आदेशाने वाढते. पाणी, सांडपाणी आणि रस्ते मागाहून आणि सावकाश येतात. तिथून डेक्कन किंवा सदाशिव पेठ गाठायची तर नगर रस्त्याच्या गर्दीतून पंधरा-सोळा किलोमीटर जावे लागते. आपण नाटकाचा उल्लेख केला आहे; रात्री साडेनऊचा प्रयोग पाहून गुडघेदुखी असलेल्या बाईने आणि स्टेंट असलेल्या गृहस्थाने तेवढे अंतर परत येणे किती वेळा होईल, याचा विचार करावा. मुलगी आणि जावई दोघेही नोकरीला जात असतील तर दिवसभर घरात आपण दोघेच, आणि तेही अनोळखी वस्तीत. लेक जवळ असण्याचे सुख मोठे आहे, ते मी कमी लेखत नाही. परंतु तिच्या मुलांना सांभाळण्यासाठी जायचे असेल तर ते तसे उघड बोलून, किती तास आणि किती दिवस हे ठरवून जावे. शांत निवृत्तीसाठी म्हणून जावे आणि शाळेच्या बसच्या वेळा सांभाळत बसावे, अशी कुचंबणा झालेली पत्रे या सदराकडे नेहमी येतात.

वाचनालयाची काळजी मात्र आपण सोडून द्यावी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. दहा वर्षांच्या आत उभ्या राहिलेल्या या तिन्ही संस्थांनी पावणेदोनशे वर्षे मराठी वाचक जोपासला, याचे मला फार अप्रूप आहे. तिन्ही ठिकाणी पुस्तक मिळेल. घरापासून तिथवर आपल्याला चालत किंवा रिक्षाने सहज जाता येईल का, एवढेच पाहायचे.

आता कोल्हापूर. यजमानांचा ओढा मला पूर्णपणे समजतो. भावांची घरे, ओळखीची भाषा, रंकाळ्यावरची संध्याकाळ, पहाटे कट्ट्यावर समोर काढून मिळणारे म्हशीचे दूध, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला रिक्षाने अर्ध्या तासात पोहोचता येईल असे आटोपशीर शहर. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणण्याची योजना वर्षानुवर्षे रखडली होती, तेही पाणी २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास शहरात पोहोचले. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले, ही जखम कोल्हापूरकरांना अजून दुखते आणि त्याच्या उभारणीकडे सगळे डोळे लावून आहेत.

परंतु कोल्हापुरात घर घेण्यापूर्वी, पंचगंगा नदीची पातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याची भाषा शिकून घ्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सकाळी चहाच्या आधी लोक एकमेकांना विचारतात, ‘बंधाऱ्यावर किती फूट?’ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराची वाट तुटली. २०१९ मध्ये पाणी उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे चहूकडे पूर असताना नळ कोरडे राहिले. शाहूपुरीतल्या माझ्या मावशीने त्या वेळी तळमजल्यावरची ट्रंक जिन्यावर चढवता चढवता शेवटी तिथेच बैठक मारली आणि पायऱ्या मोजत रात्र काढली. पाणी सातव्या पायरीला थांबले. शाहूपुरी, नागाळा पार्क यांसारख्या भागांत सखल गल्ल्या आहेत, तर राजारामपुरीसारखा चढावरचा भाग त्या मानाने निर्धोक. एकाच शहरातल्या, एकाच किमतीच्या दोन घरांत एवढा फरक पडतो. घर दाखवणारा मध्यस्थ हे आपणहून सांगणार नाही. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारावे, की २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आले होते. तो भिंतीवरची खूण बोटाने दाखवील.

आपले पत्र मी तीनदा वाचले आणि एक गोष्ट मला खटकली, ती लिहू का नको असा विचार करून शेवटी लिहीत आहे. यजमानांना कोल्हापूर का हवे, हे आपण गाव, भाऊ, शाळासोबती असे सविस्तर लिहिले आहे. मुलीची बाजू आहे, मुलाची यादी आहे. आपल्याबद्दल मात्र ‘माझी धाकटी बहीण नाशिकला असते’ एवढे एकच वाक्य आहे आणि त्यातही आपल्याला तिथे जावेसे वाटते असे म्हटलेले नाही. चौतीस वर्षांत डोंबिवलीत आपण जे जमवले, म्हणजे शाळेतल्या मैत्रिणी, पाडव्याच्या शोभायात्रेत फडके रोडवर हटकून भेटणारे जुने विद्यार्थी, दुखले-खुपले तर दार ठोठावणारी समोरची वहिनी, ते सारे गाव सोडताना मागे राहणार आहे. यजमान कोल्हापुरात गेले तर त्यांच्या माणसांत जातील. आपण मात्र त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा सासरी जाल. ते आपल्याला आवडेलही. दीर-जावांशी जिव्हाळा असेल तर फारच उत्तम. पण हा प्रश्न घरात मोठ्याने विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर आपण दिले पाहिजे, आपल्या वतीने इतर कोणी नव्हे.

म्हणून माझा सल्ला असा, की आत्ता काहीही विकू नये. पुनर्विकासाने आपल्या हातात आयतीच तीन वर्षे दिली आहेत. डोंबिवलीतल्या नव्या, लिफ्ट असलेल्या घरावरचा हक्क कायम ठेवून, विकासकाकडून येणाऱ्या भाड्यात आपण दोन शहरे राहून पाहू शकता. डोंबिवलीच्या हिशेबाने मिळणाऱ्या भाड्यात नाशिक किंवा कोल्हापूरला साधे, सोयीचे घर बहुधा आरामात बसेल. उलट घाईने विक्री आणि खरेदी केली, तर नव्या घराचे मुद्रांक शुल्कच पाच ते सात टक्क्यांच्या घरात जाते, आणि निवड चुकली तर तो खर्च पुन्हा करावा लागतो. मात्र घर रिकामे करण्याआधी पर्यायी जागेचा करार आपल्या नावाने नोंदवला गेला आहे ना, भाड्याचे पुढील तारखांचे धनादेश हातात आले आहेत ना आणि विकासकाने सोसायटीला बँक हमी दिली आहे ना, एवढे वकिलांकडून तपासून घ्यावे. यजमान बँकेतले असल्याने त्यांना हे सांगण्याची गरज नसावी, पण अशी प्रकरणे रखडतात हे गृहीत धरूनच चालावे.

पहिले अकरा महिने नाशिकला काढावेत, असे मला वाटते. बहीण आहे हे एक कारण. दुसरे असे, की पुनर्विकासाच्या काळात सोसायटीच्या सभांना आणि सह्यांना वारंवार यावे लागते, आणि नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली तर कल्याणला उतरून दुपारपर्यंत काम आटोपता येते. कोल्हापूरहून त्यासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करावा लागेल. नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थाची कामे आणि नंतरची गर्दी यांचा त्रास होईल, म्हणून घर पंचवटीच्या बाजूला न घेता कॉलेज रोड, गंगापूर रोड किंवा बहिणीच्या घरापासून पायी जाता येईल अशा ठिकाणी पाहावे. त्यानंतरचे अकरा महिने कोल्हापूरचे, आणि तिथला करार अशा बेताने करावा की पूर्ण पावसाळा त्यात येईल. दोन्हीकडे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच असावा. कोल्हापूरहून कागलला भावकीकडे जायला एसटीत आपल्याला महिला म्हणून आणि यजमानांना ज्येष्ठ नागरिक म्हणून निम्मे तिकीट पडेल, तेव्हा जाणे-येणे भरपूर करावे. माणसे सणावारी कशी वागतात यापेक्षा दर आठवड्याला भेटल्यावर कशी वागतात, ते यातून कळेल.

घर निवडताना एक अट मात्र सोडू नये. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर अँजिओप्लास्टीची सोय असलेले रुग्णालय दहा-पंधरा मिनिटांच्या आत हवे, आणि ते अंतर स्वतः रिक्षाने जाऊन मोजलेले असावे. त्यासाठी दोन हजार रुपये भाडे जास्त द्यावे लागले तरी द्यावे. लिफ्टला जनरेटर जोडलेला आहे का, हेही विचारावे.

डोंबिवली सोडण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून यजमानांचे स्टेंटचे कार्ड, अँजिओग्राफीचा अहवाल, जुने ईसीजी आणि सध्याच्या गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये लावून घ्यावी. नव्या घरात ती फाइल कपाटात न ठेवता दाराजवळच्या खुंटीला पिशवीत अडकवून ठेवावी आणि ती तिथे आहे हे पहिल्याच आठवड्यात शेजारच्यांना दाखवून ठेवावे.