पोटातले जिवाणू आणि घरची भाकर

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला ४८ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला आणि गेल्या वर्षी तो गेला. मी ४१ वर्षांचा आहे. आमच्याकडे आता ज्वारी फारशी पेरली जात नाही. घरात रेशनचा गहू आणि तांदूळच असतो. पोटातले चांगले जिवाणू वाढवणाऱ्या कॅप्सूल घेतल्या तर हा आजार टळेल का?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ गेल्याचे वाचून वाईट वाटले. अशा कॅप्सूलने कर्करोग टळतो, असे सिद्ध झालेले नाही. त्यावर पैसे घालवू नका. जिवाणू आतड्यात असतातच, त्यांची उपासमार होऊ द्यायची नाही. भाकरीतला, तुरीच्या वरणातला आणि अंबाडीच्या भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोचल्यावर हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार होते, ज्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात आणि तिथला दाह आटोक्यात राहतो.

आहाराचा परिणाम किती लवकर होतो, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. अमेरिकेतील २० आफ्रिकी वंशाच्या आणि ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतील २० लोकांचा आहार आपसांत बदलला, तेव्हा अवघ्या दोन आठवड्यांत चोथायुक्त अन्न खाणाऱ्या अमेरिकनांच्या आतड्यातला दाह उतरला व ब्युटिरेट वाढले, तर मांस आणि चरबी खाणाऱ्या आफ्रिकनांचे नेमके उलटे झाले. मला हा अभ्यास फार आशादायक वाटतो.

रेशनचा गहूही वाईट नाही. मात्र पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा गाईच्या घमेल्यात टाकण्याची सवय सोडा, तो पोळीतच राहू द्या. धुऱ्यावर चार तास (ओळी) ज्वारीचे घाला, जवसाची चटणी रोज ताटात असू द्या. ताक जरूर प्या.

तरीही आहाराने धोका कमी होतो, संपत नाही. शौचातून रक्त पडले की आपल्याकडे मूळव्याध समजून महिनोन्महिने चूर्ण घेतले जाते. माझ्याकडे असे रुग्ण फार उशिरा येतात आणि मला त्याचे नेहमी दुःख होते. सख्ख्या भावंडाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करावी लागते. तुमच्या बाबतीत ते वय ३८ होते. म्हणून त्रास नसला तरी आता थांबू नका. भावाचे निदानाचे कागद सोबत घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि इतर सख्ख्या भावंडांनाही हे सांगा.