एमडी झालेला डॉक्टर दवाखान्याऐवजी आरोग्याची संस्था चालवतो, म्हणजे दिवसभर नेमकं काय करतो? तेवढ्या वेळात पेशंट तपासले तर जास्त लोकांचं भलं होणार नाही का?

मी मेडिसिनची एमडी आहे आणि सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव भागात एक छोटी संस्था चालवते. ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला सुरुवातीची काही वर्षं छळत होता, म्हणून तिथूनच सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही शिबिरं घेतली. मांडव, बॅनर, सकाळपासून रांगा, सरपंचांचं भाषण. दुसऱ्या वर्षी त्याच गावात एक आजी आल्या आणि पिशवीतून माझ्याच हातची गेल्या वर्षीची चिठ्ठी काढून दिली. नीट घडी घालून जपलेली. बीपी मोजलं तर 190/110. गोळ्या घेता का, विचारलं. म्हणाल्या, "घेतल्या की. तुमी दिल्या तेवढ्या समद्या घेतल्या. डोकं दुखायचं थांबलं मग."

मी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. पुढच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून घ्या, असं चिठ्ठीवर लिहिलंही होतं, पण इंग्रजीत. निदान बरोबर, औषध बरोबर, आणि तरी वर्षभर त्या बाईच्या मेंदूच्या आणि किडनीच्या रक्तवाहिन्यांवर तेवढाच दाब राहिला. त्या दिवसापासून आम्ही शिबिरं बंद केली.

बीपीची गोळी स्वस्त आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात तर फुकट मिळते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017 साली सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा होता. कोणती गोळी आधी द्यायची, किती वाढवायची, हे सगळं ठरलेलं आहे. तिथे माझ्या एमडीची फारशी गरज नाही. गरज आहे ती गोळी संपल्यानंतर.

आमच्या भागात माणूस एका जागी राहत नाही. मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. खटाव आणि शेजारच्या सांगलीतले खानापूर-आटपाडी इथले कितीतरी लोक गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात, देशभर पसरलेत. भट्टीची धग, तेजाबाच्या वाफा, आणि आजारी पडलं तरी परक्या भाषेचा डॉक्टर. काही जण मुंबईत माथाडी. दर तीस दिवसांनी केंद्रात येऊन गोळ्या न्या, हा नियम चांगला आहे, पण तो जागेवर असणाऱ्या माणसासाठी आहे.

म्हणून माझा दिवस कसा जातो, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर बसून वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळावर, निघालेल्या कुटुंबाला चार महिन्यांच्या गोळ्या एकदम कशा देता येतील, हे ठरवण्यात. गावच्या यात्रेला गलाईवाले हमखास घरी येतात, तेव्हा देवळाजवळ टेबल टाकून बीपी मोजण्यात. त्यांचा फोन नंबर वहीत घेऊन परत गेल्यावरही महिन्याला फोन जातो की नाही, हे पाहण्यात. बाई इथे आणि नवरा कोइमतूरला असेल तर बाईलाच विचारतो. तिला सगळं ठाऊक असतं.

हे फोन आणि फेऱ्या आमच्या ताई करतात. त्याच गावातल्या सुना, बहुतेक दहावीपर्यंत शिकलेल्या. ही काही माझी कल्पना नव्हे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, त्यांतल्या अनेकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाच मिनिटं शांत बसवून, हाताला आधार देऊन, दोनदा मोजायचं, हे आमच्या ताई इतकं काटेकोर करतात की घाईच्या ओपीडीत माझ्याकडूनही तसं होत नाही.

दर सोमवारी मी त्यांच्याबरोबर वह्या घेऊन बसते. कोण आलं नाही, का आलं नाही. माझ्या आठवड्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच आहे, असं मला मनापासून वाटतं. मिठाचं उदाहरण घ्या. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ, हे मी वर्षानुवर्षं सांगत होते. उन्हाळ्यात जिथे भाजी मिळत नाही तिथे ठेचा-भाकरी हेच जेवण, त्याला मी बंद करा म्हणणार? एका ताईने परस्पर सांगायला सुरुवात केली: ठेचा, लोणचं, पापड यांतलं एका जेवणाला एकच, आणि भाकरीच्या पिठात मीठ नाही. लोकांनी ते ऐकलं. आता आम्ही सगळे तसंच सांगतो.

उरलेला वेळ पैशांत जातो. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब, ऑडिट, आणि कंपन्यांच्या सीएसआरसाठी अर्ज. ठरावीक आकारापुढच्या कंपनीला सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यामुळे पैसा आहे. पण तो फिरत्या दवाखान्याच्या गाडीसाठी पटकन मिळतो आणि ताईंच्या मानधनासाठी महिनोन्महिने समजूत घालावी लागते. एका कंपनीची गाडी मी नाकारली. गाडी महिन्यातून एकदा गावात येणार, ताई रोज तिथेच आहे.

आता तुलनेचं. छातीत दुखतंय, धाप लागलीय, अशा माणसाला त्या क्षणी डॉक्टरच हवा आणि चांगला हवा. त्याची जागा संस्था घेऊ शकत नाही, आणि दवाखाना चालवणाऱ्या माझ्या मित्रांबद्दल मला आदर आहे. पण डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा साताऱ्याला किंवा कराडला एसटीने जाणारी माणसं मी पाहते, तेव्हा त्यांतल्या अनेकांचं बीपी दहा वर्षांपूर्वी कुणीतरी मोजलं होतं, गोळीही दिली होती, हे मला कळतं. मग पुढे कुणी विचारलं नाही. ते विचारणं दवाखान्यात बसून होत नाही, निदान मला तरी जमलं नाही.

तुम्ही स्वतः या वाटेचा विचार करत असाल तर आधी वर्षभर एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करा. ओपीडी पूर्ण सोडू नका, दोन दिवस तरी हात चालू ठेवा. सरकारी केंद्राशेजारी स्वतःचा दवाखाना उघडू नका. तिथली रांग कशी हलेल ते बघा. आणि आमचं काम पाहायचं असेल तर दिवाळीच्या आधी माणमध्ये या. वाडे निघायच्या तयारीत असतात, आणि आम्ही प्रत्येकाच्या नावाची गोळ्यांची पिशवी बांधत असतो. त्या आजींचा मुलगाही मेंढरं घेऊन जातो. त्याची पिशवी त्या स्वतः येऊन नेतात.