जोडशब्द सगळ्यात शेवटी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सहावीच्या वर्गातल्या मराठीच्या वह्यांचे फोटो पाहिले. मुलं सुटी सुटी वाक्यं लिहितात, ती जोडायला कसं शिकवावं, असं तू विचारलंस. "आम्ही म्हापशाला गेलो. शुक्रवार होता. बाजार भरला होता. खूप गर्दी होती. आईने मिरच्या घेतल्या." एकही वाक्य चुकीचं नाही, लाल शाईला कुठे जागा नाही, आणि तरी वाचताना खडीवरून सायकल चालवल्यासारखं होतं. तुझं निदान बरोबर आहे. चूक होऊ नये म्हणून मुलं वाक्य लवकर संपवून मोकळी होतात. पण त्यावर तू फळ्यावर 'आणि, पण, म्हणून, कारण' अशी यादी लिहून दिलीस, तिथे घोटाळा झाला. पुढच्या वहीत तोच मजकूर असा आला: "आम्ही म्हापशाला गेलो आणि शुक्रवार होता म्हणून बाजार भरला होता आणि खूप गर्दी होती पण आईने मिरच्या घेतल्या." पूर्णविराम काढून तिथे शब्द चिकटवले, दुसरं काही नाही. त्यातला 'पण' तर का आला हे मुलालाही सांगता येणार नाही.

जोडशब्द सगळ्यात शेवटी ठरतो. आधी मुलांना एकच प्रश्न विचार: यातली मुख्य गोष्ट कुठली? मराठीत मुख्य क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, त्यामुळे जे शेवटी ठेवशील त्यावर आपोआप भर पडतो. मिरच्या मुख्य असतील तर "शुक्रवारी म्हापशाला गेलो तेव्हा भरलेल्या बाजारातल्या एवढ्या गर्दीतही आईने मिरच्या घेतल्या." गर्दी मुख्य असेल तर "आम्ही मिरच्या घ्यायला म्हापशाला गेलो तो नेमका शुक्रवार, त्यामुळे भरल्या बाजारात खूप गर्दी होती." माहिती जवळपास तीच, पण पहिलं वाक्य आईबद्दल आहे आणि दुसरं बाजाराबद्दल. मुख्य वाक्याखाली मुलांना पेन्सिलीने रेघ मारायला लाव. रेघ मारल्याशिवाय जोडायला सुरुवात नाही, हा नियम पहिले दोन आठवडे कडकपणे पाळ.

केवल, मिश्र, संयुक्त ही नावं आत्ता बाजूला राहू देत. परीक्षेत वाक्यसंकलनाचा प्रश्न येतो तेव्हा ती लागतील, तेव्हा एका तासात शिकवून होतील. अमेरिकेत जॉन मेलन यांनी १९६९ साली वाक्यजोडणीचा सराव व्याकरणाच्या संज्ञांसह करून पाहिला, आणि १९७३ साली फ्रँक ओ'हेअर यांनी सातवीच्या मुलांकडून तोच सराव संज्ञा वगळून करून घेतला. संज्ञांशिवायही मुलांच्या लेखनातली वाक्यरचना सुधारली. ओ'हेअर यांची युक्ती आपल्याला जशीच्या तशी चालते: सुट्या वाक्याच्या शेवटी कंसात इशारा द्यायचा. 'घंटा वाजली. (-ताच) मुले बाहेर आली.' मूल इशारा पाहून जोडतं, नाव विचारत नाही. काही दिवसांनी इशारे काढून टाकायचे.

आता '-ऊन'कडे जरा सावकाश बघू, कारण मराठीतली निम्मी जोडणी त्याच्यावर चालते आणि निम्म्या चुकाही तिथेच होतात.

'-ऊन'ची अट अशी, की दोन्ही क्रिया करणारा एकच हवा. "आजीने दार उघडून पाव घेतले" चालतं. "घंटा वाजून मुले बाहेर आली" कानाला खटकतं, कारण वाजणारी घंटा आणि बाहेर येणारी मुलं. तिथे 'वाजल्यावर' किंवा 'वाजताच' हवं. एखादं चौकस मूल विचारेल, मग "पाऊस पडून नदीला पूर आला" कसं चालतं? चालतं, कारण पाऊस कारण आहे, पूर त्याचा परिणाम आहे आणि दोन्ही गोष्टी आपोआप घडतात. हा अपवाद तू होऊन शिकवू नकोस, विचारलं तरच सांग.

दुसरी चूक जास्त हट्टी आहे. "आई बाजारात गेली. आईने बांगडे आणले." हे जोडताना मूल पहिल्या वाक्यातली 'आई' तशीच उचलतं आणि लिहितं, "आई बाजारात जाऊन बांगडे आणले." कर्त्याचं रूप शेवटचं क्रियापद ठरवतं. 'आणले' आहे म्हणून 'आईने', शेवटी 'आली' असतं तर 'आई'. यावर सोपा तोडगा म्हणजे '-ऊन'चा तुकडा बोटाने झाकून उरलेलं वाचायचं: "आई... बांगडे आणले." चूक लगेच ऐकू येते. ही बोटाची सवय मुलांना लागली की तुझं तपासण्याचं काम बरंच हलकं होईल.

तिसरी गोष्ट नकाराची. "तो जेवला नाही. तो शाळेत गेला." याचं 'न जेवून' होत नाही, 'न जेवता' होतं. हे एकदा सांगून भागतं.

आणि एका वाक्यात दोनापेक्षा जास्त '-ऊन' नकोत. उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन, कपडे घालून, दप्तर घेऊन अशी माळ लागली की मुख्य गोष्ट हरवते. त्याहून वाईट सवय 'असून'ची. 'असून'ला कर्ता एकच असण्याची अट नाही, म्हणून बातम्यांत आणि सरकारी पत्रांत ते कुठेही घुसतं, आणि मुलं तिथूनच उचलतात. "घर मोठे असून अंगण असून तुळस आहे." माझं मत विचारशील तर सहावी संपेपर्यंत वर्गात 'असून'ला बंदी घाल. त्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

नामाला चिकटणारी जोडणी मात्र भरपूर करून घे. "आजोबांनी माड लावला. माडाला नारळ लागले." याचं "आजोबांनी लावलेल्या माडाला नारळ लागले." इथे लक्ष ठेवायचं ते 'लेला'च्या शेपटावर. पुढच्या नामाला प्रत्यय लागला की 'लावलेला'चं 'लावलेल्या' होतं, आणि मुलं नेमकं तेच विसरून 'लावलेला माडाला' लिहितात. लिंगाचंही तसंच. आपल्याकडे गोव्यात कोकणीत 'चेडूं' (मुलगी) नपुंसकलिंगी, त्यामुळे एखाद्या वहीत 'रडणारे मुलगी' दिसली तर आश्चर्य नको, ओरडू तर मुळीच नकोस. फक्त पुढचं नाम मोठ्याने वाचायला सांग.

पाचवीपासून तुझ्या बहुतेक मुलांचं माध्यम इंग्रजी झालंय, मराठी एक विषय उरलाय. त्याची खूण 'जो'मध्ये सापडते: "माझा मित्र, जो साखळीला राहतो, तो आजारी आहे." ही इंग्रजीची बांधणी आहे. आपण म्हणतो, "साखळीला राहणारा माझा मित्र आजारी आहे." पण म्हणून 'जो-तो' हद्दपार करू नकोस. "मी ज्याच्याबरोबर शाळेत जातो तो मुलगा" याला 'णारा'ने जोडायला गेलीस तर "मी शाळेत जाणारा मुलगा" असं भलतंच काही होतं. सोबत दाखवायची असेल तिथे 'जो-तो'च लागतो, आणि त्यात 'जो'चा भाग आधी येतो.

जोडीने येणाऱ्या शब्दांची तर झटपट कवायत घे. 'जर' आला की 'तर', 'जरी' आला की 'तरी'. 'तरी' आल्यावर पुन्हा 'पण' नको. 'कारण' आणि 'म्हणून' एकाच वाक्यात नकोत, दोघांपैकी एकजण पुरतो. "बाई म्हणाल्या की उद्या सुट्टी आहे" किंवा "उद्या सुट्टी आहे असे बाई म्हणाल्या". दोन्ही ठीक, खिचडी नको.

आता एक पूर्ण उदाहरण घे. सहा पट्ट्या कर, जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाच्या चालतील, अक्षर शेवटच्या बाकावरून दिसेल एवढं. (पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, उंडे म्हणजे गोल पाव.)

पोदेर सकाळी आला. त्याने हॉर्न वाजवला. त्याच्या सायकलवर टोपली होती. टोपलीत उंडे होते. उंडे गरम होते. आजी दारात गेली.

पट्ट्या हातात दिल्या की मुलं त्या सरकवून बघतात, वहीत लिहायला घाबरणारी सुद्धा. आधी लहान पट्ट्या मोठ्यांत मुरवायच्या: 'गरम' आणि 'उंडे' आणि 'टोपली' मिळून 'गरम उंड्यांची टोपली'. तीन पट्ट्यांच्या जागी एक तुकडा उरतो. मग रेघ मारायची, मग जोडायचं. वर्गातून साधारण अशी उत्तरं येतील:

"सायकलवर गरम उंड्यांची टोपली घेऊन सकाळी पोदेर आला आणि त्याने हॉर्न वाजवताच आजी दारात गेली."

"सकाळी पोदेराचा हॉर्न ऐकून आजी गरम उंडे घ्यायला दारात गेली."

"पोदेर सकाळी येऊन हॉर्न वाजवून सायकलवर टोपली असून आजी दारात गेली."

तिसरं का मोडलं ते आता मुलंच सांगतील. खरी चर्चा पहिल्या दोनांत आहे. पहिल्यात सगळी माहिती आली, पण मधला 'आणि' वाक्याला दोन धडं देतो. दुसरं जास्त सफाईदार आहे, मात्र त्यात सायकल आणि टोपली गळली आणि 'घ्यायला' हे पट्ट्यांवर नसलेलं आत आलं. आजी उंडे घ्यायलाच गेली हे कशावरून? तिला पोदेराला मागचे पैसे द्यायचे असतील. बरोबर कोण हे सांगायची घाई करू नकोस. वाक्य जोडताना आपण दोन गोष्टींतलं नातं ठरवत असतो, आणि ते नातं कधी कधी आपल्या पदरचं असतं, हे मुलांना इथे दिसू दे.

याच मुद्द्यासाठी खाजन शेताचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताचं, उदाहरण ठेवलंय; 'मानस' म्हणजे त्या बांधातली पाण्याची झडप. "भरती आली. मानशीची दारे आपोआप मिटली. खारे पाणी शेतात शिरले नाही." एक जोडणी: "भरती येताच मानशीची दारे आपोआप मिटल्यामुळे खारे पाणी शेतात शिरले नाही." ही त्या दिवशीची हकिकत झाली. दुसरी: "खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मानशीची दारे भरती येताच आपोआप मिटतील अशी बसवलेली असतात." हे कारागिराचं डोकं झालं. 'मुळे' आणि 'नये म्हणून' यांच्यातला फरक व्याख्येने कळत नाही, असा कळतो. इथे 'मिटून' चालेल का, हेही कुणीतरी विचारू दे.

कोकणीला वर्गाबाहेर ठेवू नकोस. जे मूल वहीत तुटक लिहितं तेच मधल्या सुट्टीत सहज म्हणतं, "बाजारांत वचून नुस्तें हाडलें" (बाजारात जाऊन मासे आणले). म्हणजे '-ऊन'ची जोडणी त्याच्या तोंडात आहेच, फक्त मराठीच्या वहीपर्यंत पोचलेली नाही. अडलं की प्रसंग आधी कोकणीत सांगायला लाव, त्यातले जोड कुठे आले ते बोटांवर मोजू दे, मग मराठीत लिहू दे. 'जाल्यार', 'पूण', 'मागीर' यांच्या जागी 'तर', 'पण', 'मग' घालायला फार वेळ लागत नाही.

वेळेचं म्हणशील तर आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं. अख्खा तास देऊ नकोस, कंटाळतात. पहिले दोन आठवडे दोन-दोन वाक्यं, तीही तोंडी आणि इशाऱ्यासकट. मग तीन-चार, इशाऱ्याशिवाय. पाच-सहा वाक्यांचा गट पाचव्या आठवड्याच्या आधी नको. दर शुक्रवारी उलटा खेळ: वर्तमानपत्रातलं एक लांबलचक वाक्य फळ्यावर लिहून ते तोडायला दे. तोडता येणाऱ्याला जोडणं लवकर जमतं. सहाव्या आठवड्यापासून बाहेरचे उतारे बंद कर आणि मुलांचाच मागच्या महिन्यातला निबंध परत दे, त्यातली कुठलीही चार सलग वाक्यं जोडायला. हे राहिलं तर सराव पट्ट्यांवरच राहतो, निबंध पुन्हा तुटकच येतो.

तपासताना दोनच गोष्टी बघ: माहिती सगळी आली का, आणि वाक्य एका दमात वाचता येतं का. वीस-बावीस शब्दांच्या पुढे गेलं की शंका घे. आणि लांब म्हणजे चांगलं असं मुलांना वाटायला लागलं (लागेलच, तिसऱ्या आठवड्यात), तर हे दोन्ही फळ्यावर शेजारी लिही: "रात्रभर पाऊस कोसळत होता, नदी चढत होती आणि गावकरी मातीची पोती टाकत होते. पहाटे बांध फुटला." आणि "रात्रभर पाऊस कोसळत असताना, नदी चढत असताना, गावकरी मातीची पोती टाकत असताना पहाटे बांध फुटला." दोन्ही मोठ्याने वाचून घे आणि कुठल्यात बांध जास्त जोरात फुटतो ते विचार. हात वर करून मत घे, कारण सांगायची सक्ती नको.

सोमवारी म्हापशाच्या बाजाराच्या पाच वाक्यांपासूनच सुरू कर, वही ज्याची आहे त्याचं नाव न घेता. पहिल्या तासाला पट्ट्या नकोत, पाचही वाक्यं एकदम जोडायचीही नाहीत; फळा आणि एक रेघ पुरे. उत्तरं कशी येतात त्याचे फोटो पाठव, मोडलेल्यांचे आधी.

तुझी,
मावशी