लाकूडशास्त्राच्या विभागात दिवसभर नेमकं काय करतात?

तुमचा प्रश्न असा: डिचोलीत राहता, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला वनस्पतिशास्त्र आहे, आणि विद्यापीठात ‘वूड सायन्स’ नावाचा वेगळा विभाग असतो हे आत्ताच कळलं. तिथं सुतारकाम शिकवतात का? संशोधन करतात ते कशावर?

मी फोंडा तालुक्यातली. बाबा सुतार. मी देहरादूनच्या वन अनुसंधान संस्थेत याच विषयात एम.एस्सी. केलं आणि पुढची काही वर्षं लाकूड तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. तिथं सुतारकाम शिकवत नाहीत. बाबांना बोटांनी कळायचं ते मला तिथं आकड्यांत मांडायला शिकवलं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मिरगाचा पाऊस लागला की दारं फुगतात, चवथीच्या आधी पाहुणे यायचे म्हणून घाईघाईने मेस्ताला बोलावून कड रंध्याने काढून घेतात, आणि जानेवारीत त्याच दाराच्या फटीतून उजेड दिसतो. याचा हिशेब असा आहे. लाकूड हवेतल्या दमटपणाशी सतत जुळवून घेतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी राहतं, ८५ टक्के झाली की १८ च्या आसपास. सागवानाची ३० सेंटिमीटर रुंद फळी, वार्षिक वलयांना स्पर्शून कापलेली, एवढ्या फरकाने सुमारे साडेतीन मिलिमीटर फुगते. तीच फळी गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कापलेली असेल तर फुगणं निम्म्याहून कमी. लांबीत तर जवळजवळ काहीच बदल नाही. म्हणून बाबा फळी हातात घेतली की आधी तिचं टोक बघायचे, वलयं कशी वळली आहेत ते. मला त्यामागचं कारण बाविसाव्या वर्षी कळलं.

हे पाणी मोजणं हा विभागातला रोजचा पाठ. तुकडा तोलायचा, १०३ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवायचा, पुन्हा तोलायचा, आणि गेलेलं पाणी कोरड्या वजनाच्या टक्केवारीत लिहायचं. सोपं वाटतं, पण बाकी जवळजवळ सगळी मोजमापं यावरच उभी आहेत, कारण पाणी साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरू लागलं की लाकूड आकसू लागतं आणि मजबूतही होऊ लागतं. ताकदीची चाचणी करायची तर २ बाय २ सेंटिमीटर जाडीचे, ३० सेंटिमीटर लांब, गाठ नसलेले नमुने कापून यंत्रात मोडेपर्यंत वाकवतात. त्या वेळी नमुन्यात किती पाणी होतं ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही. भारतीय मानकांत तर आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून कुठल्या विभागात कुठल्या कामाला किती वाळलेलं लाकूड वापरावं ते ठरवून दिलं आहे. घर बांधणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पण मला सर्वांत जवळचं काम म्हणजे ओळख पटवणं. एक सेंटिमीटरचा ठोकळा पाण्यात उकळून मऊ करायचा, मायक्रोटोमवर त्याचे १५-२० मायक्रॉनचे पातळ काप घ्यायचे, तेही तीन दिशांनी, सॅफ्रानिनने लाल रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसायचं. पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांची मांडणी (आडव्या कापात त्या छिद्रांसारख्या दिसतात), किरणांची म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या ओळींची रुंदी, वाहिन्यांभोवतीच्या मऊ पेशींचे पट्टे यांवरून झाड कुठल्या गटातलं ते कळतं. मग संग्रहातल्या खात्रीच्या नमुन्याशी ताडून बघायचं.

आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपातला एक खांब बुडाशी कुजला होता. खांब सागवानाचे आहेत असं सगळेच पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले, आणि समितीने सागवान आणायचं ठरवलं होतं. बाबांनी कुजलेल्या भागाच्या वरचा एक ढलपा कागदात बांधून मला पाठवला. सागवानात प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. या ढलप्यात तशी रांग नव्हतीच. छिद्रं सगळीकडे विखुरलेली, प्रत्येकाभोवती मऊ पेशींची पंखासारखी कड, आणि आतल्या ताज्या भागाचा पिवळा रंग. फणस. दोन वेळा काप घेतले, तरी फणसच. फोनवर सांगितलं तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “म्हणूनच रंधा तसा चालत होता.” नवा खांबही फणसाचाच बसला. ज्यांनी तो मूळ खांब घडवला त्यांनी काय निवडलं होतं ते परत कळलं, याचं मला आजही अप्रूप आहे.

हीच विद्या न्यायालयात आणि बंदरावर लागते. डाल्बर्जिया म्हणजे शिसमाच्या जातीगटाच्या लाकडाचा परदेशी व्यापार जानेवारी २०१७ पासून साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आला. जप्त केलेली ओंडक्याची फोड रक्तचंदनाची की दुसऱ्या कशाची, याचं उत्तर वन अधिकाऱ्याला लेखी हवं असतं. विभागातल्या शिक्षकांचा बराच वेळ अशा अहवालांत, मानक समित्यांच्या बैठकांत आणि वखारवाल्यांच्या, सुतारांच्या प्रशिक्षणात जातो. बाहेरच्यांना फक्त शोधनिबंध दिसतात, पण माझ्या मते प्रशिक्षणाचं काम जास्त मोलाचं.

टिकाऊपणाच्या चाचण्यांना मात्र धीर लागतो. बुरशीसमोर बाटलीत ठेवलेले ठोकळे काही आठवड्यांत वजन गमावतात, पण वाळवीसाठी खुंट्या अर्ध्या जमिनीत गाडून वर्षानुवर्षं तपासत राहतात. तिला ‘ग्रेव्हयार्ड टेस्ट’ म्हणतात. समुद्राच्या पाण्यात होड्या पोखरणारा टेरेडो हा किडा नसून शिंपल्याच्या कुळातला मृदुकाय प्राणी आहे, आणि त्याच्यावर काम करणारं केंद्र विशाखापट्टणमला आहे. आपल्याकडच्या रापणकारांना आणि होडीवाल्यांना हे सांगणारं कुणीतरी हवं आहे.

गोवा विद्यापीठात असा स्वतंत्र विभाग नाही. जवळ म्हणजे दापोली आणि शिरसीची वनशास्त्र महाविद्यालयं, आणि बंगळुरूची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था. तिथं आधी एखादा आठवडा जाऊन बघायची परवानगी मागा. देहरादूनच्या एम.एस्सी.ला प्रवेश परीक्षा असते. पदवीला कोणते विषय लागतात ते अर्जाआधीच वाचा, कारण या विषयात भौतिकशास्त्र आणि गणित वनस्पतिशास्त्राइतकंच लागतं आणि तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही.

तोपर्यंत एक करून बघा. गावच्या मेस्ताकडून सागवान, फणस आणि ऐन, म्हणजे आपली माट्टी, यांचे मुठीएवढे तीन तुकडे मागून घ्या. टोकं धारदार ब्लेडने साफ कापून दहापट भिंगाखाली बघा आणि दिसेल ते वहीत काढा. मग तिन्ही तुकडे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी तोला, आत्तापासून थेट चवथीपर्यंत. आकडे आले की इथंच लिहा, मी बघेन.