नमस्कार स्टिअरिंगला, तक्रार मिस्त्रीला

एसटीच्या एका घाटाखालच्या आगारात 34 वर्षं मिस्त्री असलेले, देव न मानणारे आमचे काका या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.

प्रश्न : मिस्त्रीकाका, माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली. माझा देवावर विश्वास नाही, हे नवऱ्याला लग्नाआधीपासून माहीत आहे, सासूबाईंना नाही. श्रावणात घरी सत्यनारायण आहे आणि आम्हा दोघांना पूजेला बसायचंय. नेमकी माझी तारीख त्याच आठवड्यात येते, म्हणून सासूबाईंनी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेवल्यात. मी बसू की नको? बसले तर ढोंगी ठरते का?
– एक सून, इचलकरंजी

उत्तर : ताई, गोळ्यांचं आधी बोलू. घेऊ नका. असल्या गोळ्या डॉक्टरनं तपासून द्यायच्या असतात. चौरंगापुढं बसता यावं म्हणून दुकानातनं पाकीट आणायचं आणि सुनेच्या पोटात घालायचं, हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. आणि हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, तुमच्या नवऱ्यानं सांगावं. त्याला सगळं लग्नाआधीपासून ठाऊक आहे म्हणता, मग दोन वर्षं गप्प का बसलाय गडी?

आता पाटावर बसायचं. मी स्वतः बसलोय. 1989 साली घर बांधलं, वास्तुशांतीला आईनं सत्यनारायण घातला. आई मला नास्तिक वगैरे म्हणायची नाही. पाहुण्यांना सांगायची, ‘आमचा थोरला जरा तिरका हाय.’ तिच्यासाठी सोवळं नेसलो, मांडी घातली. कथा चौथ्या अध्यायापर्यंत आली. साधुवाण्याची मुलगी कलावती, नवरा परत आला म्हणून प्रसाद न घेताच बंदरावर धावली, आणि नवऱ्यासकट नौका दिसेनाशी झाली. माझ्याच्यानं राहवलं नाही. भटजींना म्हटलं, ‘बाई नवऱ्याला भेटायला पळाली, यात नौका बुडवण्यासारखं काय झालं? आमच्याकडं असा साहेब असता तर युनियननं दुसऱ्याच दिवशी गेटवर सभा घेतली असती.’ माणसं हसली. आई हसली नाही. आरती होईस्तोवर तिनं माझ्याकडं बघितलं नाही. माझा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. पण घर बांधल्याच्या आनंदात तिनं मागितलेला तो एक तास होता, आणि तो मी नासवला.

त्यानंतर पाटावर धाकटा भाऊ आणि त्याची बायको बसतात. मी सव्वा किलो रवा भाजतो. मंद आचेवर, तूप सुटेपर्यंत, हात न थांबवता. त्याच भटजींनी माझा शिरा दोनदा मागून खाल्लाय.

ढोंगाचं विचाराल, तर न मानता मानल्यासारखं दाखवून त्यातनं फायदा उपटणं याला मी ढोंग म्हणतो. म्हातारीचं मन राखायला तासभर बसलात तर तुम्ही ढोंगी होत नाही. पण यंदा बसलात तर पुढच्या वर्षीही तुम्हीच, हे धरून चाला. दरवर्षी आतल्या आत चडफडत बसायचं असेल तर आत्ताच सांगितलेलं बरं. सांगताना एखादं काम मात्र अंगावर घ्या, असं की जे तुमच्याशिवाय अडेल. नुसतं ‘मी मानत नाही’ म्हणून खोलीत जाऊन मोबाइल बघत बसणाऱ्या नास्तिकाचा मलाही राग येतो.

प्रश्न : तुमचे चालक घाटात गाडी घालण्याआधी नमस्कार करत असणारच. बोरघाटात शिंग्रोबापुढं नाणं टाकल्याशिवाय पुढं न जाणारे कित्येक चालक मी पाहिलेत. हजारो फेऱ्या सुखरूप होतात. एवढी माणसं मूर्ख का?
– निवृत्त मुख्याध्यापक, चिपळूण

उत्तर : गुरुजी, मूर्ख कोण म्हणतंय? आमच्या आगारात एक चालक होता, पहाटे साडेपाचच्या गाडीवर. डॅशबोर्डवरच्या गणपतीला हार, उदबत्ती, पुढच्या चाकाखाली लिंबू, मग स्टिअरिंगला हात लावून तो हात कपाळाला. एवढं झालं की खाली उतरून माझ्याकडं यायचा. ‘मिस्त्री, ब्रेक डाव्या अंगाला वढतोय.’ मी चाक खोलून लायनर बघितल्याशिवाय गाडी गेटाबाहेर काढायचा नाही. आम्ही 22 वर्षं बरोबर काढली. गणपतीला तो ‘सुखरूप ने’ म्हणायचा. ‘ब्रेक वढतोय’ असं त्यानं गणपतीला सांगितलेलं मी एकदाही ऐकलं नाही.

श्रद्धाळू माणसाचं मला हेच गमतीचं वाटतं. नमस्कार कुणाला करतो ते बघू नका, तक्रार कुणाकडं नोंदवतो ते बघा. ज्या गोष्टीवर जीव अवलंबून आहे तिथं तो बहुतेक वेळा माझ्याइतकाच नास्तिक असतो.

खंडेनवमीचंही सांगतो. आदल्या दिवशी सगळे पाने, जॅक, हातोडे डिझेलनं धुऊन पुसायचे, मग मांडून हळदकुंकू. मला हा सण आवडायचा. वर्षातनं एकदा का होईना, हत्यारं घासली जायची. पण पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, असा दंडक. एका वर्षी दुपारी निरोप आला, गाडी घाटात बंद पडलीय, आत चाळीसेक माणसं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी पूजेतला 17 नंबरचा पाना उचलला आणि हळदकुंकवासकट घाटात गेलो. तेव्हापासून आगारात ठरूनच गेलं की मिस्त्रीला पाप लागत नाही. अमावास्येला गाडी खोलायची असली की मला हाक. पापमुक्त माणसाला ओव्हरटाइम फार.

प्रश्न : देशभर गणपतीच्या मूर्ती दूध प्यायल्या म्हणतात, तेव्हा मी स्वतः मूर्तीपुढं चमचा धरला होता. दूध संपलं. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं मानू?
– गृहिणी, सांगली

उत्तर : वहिनी, दूध संपलं हे खरंच आहे. ते गेलं कुठं, एवढाच प्रश्न. 21 सप्टेंबर 1995, गुरुवार, ऐन पितृपंधरवडा. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळं, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ताणामुळं, दूध मूर्तीकडं ओढलं जातं आणि तिथनं पातळ थरानं अंगावरून खाली उतरतं. पांढरा संगमरवर, पांढरं दूध, त्यात अभिषेकानं ओली झालेली मूर्ती. ओघळ दिसणार कसा? दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, तेव्हा रंग मूर्तीवरनं खाली येताना दिसला.

मला हे सगळं तेव्हा कुठं ठाऊक होतं? पण वातीतनं रॉकेल वर चढतं हे रोज बघत होतो. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधनं दूध आणलं आणि धुतलेल्या जुन्या पिस्टनला चमचा लावला. पिस्टननं दूध प्यालं. पोरं गोळा झाली. त्यातला एकजण हात जोडून म्हणाला, ‘मिस्त्री, म्हणजे पिस्टनमध्येबी देव हाय.’ यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्याच दिवाळीत, 24 ऑक्टोबरला सूर्यग्रहण झालं. राजस्थानात, बंगालमध्ये खग्रास; आपल्याकडं खंडग्रास. पंचांगात छापलेली वेळ अचूक जुळली, कारण ती गणितानं काढलेली. आणि त्याच पंचांगातले वेध पाळून सकाळी रस्ते ओस. आमच्या शेडमध्ये वेल्डिंगची 14 नंबरची काळी काच होती. दोन हेल्पर पोरांना बाहेर काढून आळीपाळीनं दाखवलं. त्यातल्या एकाच्या आईनं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पोरगा आता स्वतः मिस्त्री आहे, डोळे शाबूत आहेत.

प्रश्न : मुलगी पसंत, मी पसंत. तिच्या वडिलांनी पत्रिका दाखवली तर मला कडक मंगळ निघाला. आता ते ऐकत नाहीत. त्यांना कसं समजावू?
– नोकरदार तरुण, पुणे

उत्तर : बाबा रे, तुमच्याच पुण्यातली गोष्ट त्यांना सांगून बघ. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या, 100 हुशार मुलांच्या आणि 100 बौद्धिक अक्षम मुलांच्या. ज्योतिष्यांना त्यातल्या 40–40 पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातली हुशार कोण? 27 जणांनी उत्तरं पाठवली, ती 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर 50 च्या आसपास आली असती.

पण खरं सांगू? आकड्यांनी सासरे वळत नाहीत. मंगळाचं कारण पुढं करून ते दुसरंच काही बोलत असतील. पगार, जात, घर भाड्याचं आहे, काहीही. ते आधी काढून घे. मुलीला विचार, तिला सगळं ठाऊक असतं. एवढं करून नाहीच जमलं आणि दोघं सज्ञान असाल, ठाम असाल, तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह नोंदणी अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, 30 दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे. तिथं मंगळाला रकाना नाही. मात्र ‘शांत करून घेऊ, पाच हजारांत मंगळ जातो’ असं कुणी सुचवलं तर सासऱ्यांनाच विचार, पाच हजारांत हलणारा ग्रह एवढा कडक कसा?

प्रश्न : शेजारची 16 वर्षांची मुलगी मधूनच आखडते, शुद्ध जाते, तोंडाला फेस येतो. घरचे दर अमावास्येला तिला एका बाबाकडं नेतात. तो केस धरून मारतो, डॉक्टरकडं गेलात तर भूत चिडेल म्हणतो. मी परकी, काय करू शकते?
– अंगणवाडी सेविका, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, इथं मी हसत नाही. तुम्ही लिहिलंय ते फेफऱ्यासारखं दिसतं; निदान डॉक्टर करतील, आणि बऱ्याच जणांचं फेफरं रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात राहतं. पुन्हा झटका आला तर तिला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना.

आधी तिच्या आईला एकटीला गाठा. ‘बाबाकडं जाऊ नको’ म्हणालात तर दार बंद होईल. ‘सरकारी दवाखान्यात एकदा चल, गाडीभाडं मी देते, मी बरोबर येते’ म्हणा. तुमची साडी ओळखीची आहे, तिचा उपयोग करा.

आणि बाबाचं म्हणाल, तर भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. पोलिसांत खबर तुम्हीही देऊ शकता, मुलीचे नातेवाईक असायची अट नाही. हा कायदा व्हावा म्हणून नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्यांच्या खुनाची बातमी आली त्या दिवशी आमच्या शेडमध्ये कुणी हातोडा उचलला नव्हता, देव मानणाऱ्यांनीही.

माझ्या चालकानं ब्रेकची तक्रार गणपतीकडं नेली असती तर मी त्याला गाडीखाली झोपून का होईना अडवला असता. या पोरीच्या बाबतीत तेच चाललंय. पुढच्या अमावास्येच्या आत जा. काय झालं ते मला कळवा.

प्रश्न : नास्तिक असूनही तुम्ही ‘अरे देवा’ म्हणता का?
– कॉलेजकुमार, नाशिक

उत्तर : म्हणतो. बोटावर हातोडा बसला की त्याहून वाईटही म्हणतो.

प्रश्न : तुम्ही गेल्यावर दहावा-तेरावा नको असेल. मग काय? काकू ऐकतील?
– एक काळजीवाहू वाचक, सातारा

उत्तर : माझ्या वडिलांच्या दहाव्याला आम्ही दीड तास घाटावर उभे होतो. कावळा पिंडाला शिवेना. चुलते म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय. मग एकेक करून शब्द देणं सुरू झालं: धाकटीचं लग्न करू, विहिरीचा वाटा सोडू, थोरला दारू सोडेल. (थोरला म्हणजे मी, तेव्हा घ्यायचो.) शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. दर्भाचा कावळा चालतो, तर दीड तास उन्हात का, असं विचारायला मी तोंड उघडलं, मग आईकडं बघितलं आणि मिटलं. ते शब्द मात्र पुढं बरेचसे पाळले गेले. दारूसुद्धा.

मी देहदानाचा अर्ज भरलाय. पण अर्ज भरून काम संपत नाही. गेल्यावर घरच्यांनीच मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाला फोन करायचा असतो. ते नाही म्हणाले तर अर्ज तसाच कपाटात राहतो. अपघातात गेलो, शवविच्छेदन झालं तर देह घेत नाहीत, हेही घरी सांगून ठेवा. डोळे द्यायचे तर सहा तासांच्या आत, म्हणून नेत्रपेढीचा नंबर आमच्या फ्रिजवर, अष्टविनायकाच्या चुंबकाखाली लावलाय. चुंबक हिचा, नंबर माझा.

हिनं अर्जावर साक्षीदार म्हणून सही केली. मग पेन खाली ठेवत म्हणाली, ‘देह घेऊन जाऊ देत. दहाव्याला भात मात्र मी ठेवणार.’ म्हटलं, ठेव की. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी गच्चीवर कावळ्यांना चपाती मीच टाकतो. तुला दर्भाचा करायची वेळ येणार नाही.